तीनशे मीटर

नगरपालिकेचा टेप पन्नास मीटरचा,
म्हणजे सहा वेळा वाकायचं.
गुडघे कुरकुरतात. मी वहीत मांडत जातो:
प्रियामोचं दार, विहीर, मेंढ्यांचं कुंपण,
आणि मग आन्तिओकोचा फावा,
मार्चमध्ये ऐन फुलात,
पांढऱ्या पाकळीवर काजळाचा ठिपका
दृष्ट लागू नये म्हणून लावावा तसा.

प्रियामो सहा वर्षांचा.
मागच्या वसंतात त्यानं शेंगा सोलून खाल्ल्या,
कच्च्या, कोवळ्या, सगळी पोरं खातात तशा.
दुसऱ्या दिवशी लघवी काळसर लाल, डोळे पिवळे.
ओरिस्तानोच्या इस्पितळात
रात्रभर दुसऱ्या कुणाचं रक्त चढत होतं.
डॉक्टरीणबाईंनी आईला कागदावर काढून दाखवलं:
एक विकर, नावात तीन अक्षरं नि मध्येच एक आकडा,
ह्याच्या रक्तात ते अपुरं.
"तुमच्याकडून आलंय," म्हणाल्या,
आणि लगेच, "पण दोष नाही हा कुणाचा."
परतीच्या बसमध्ये ग्रात्सिएत्ता
पहिलंच वाक्य मांडीवर घेऊन बसली होती.

हुकूम माझ्याच टेबलावर टाइप झाला:
मुलाच्या घरापासून तीनशे मीटरांत फावा लावू नये.
परागानं खरंच काही होतं का,
यावर डॉक्टरांचंही एकमत नाही,
आणि वारा हुकूम वाचत नाही.
पण सही महापौरांची. टेप माझा.

आन्तिओको बांधावर. वय त्र्याऐंशी, डोक्यावर टोपी.
"किती ओळी जातात?"
"अकरा."
शिवी दिली नाही. नुसता तळ्याकडे बघत राहिला.

"चव्वेचाळीस साली आम्ही पाच भावंडं होतो.
दुपारी हिव भरायचं, दातांवर दात,
संध्याकाळी अंगावर भाकरी भाजावी.
आईनं कोयनेल बोटाच्या टोकावर मोजून दिली.
दोघांना पुरलं.
ह्या पोराच्या पणज्याच्या घरी आठ लेकरं,
तेच तळं, तेच डास,
एकही गेलं नाही.
लोक म्हणायचे, करतात काहीतरी.
एका रात्री आई त्यांच्या उंबऱ्याची माती घेऊन आली,
पाण्यात कालवून आम्हाला पाजली."

वहीत यासाठी रकाना नव्हता.
डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं तेवढंच
मी त्याला सांगितलं:
माती नव्हे, रक्त.
त्या घरातल्या काहींच्या तांबड्या पेशी कच्च्या विणीच्या,
हिवतापाचा किडा आत बिऱ्हाड मांडतो न मांडतो
तोच पेशी विरते, भाडेकरूसकट निकालात निघते.
पूर्ण बचाव नाही. झुकतं माप, इतकंच,
आणि आठच्या आठ वाचली त्यात नशीबही असेल.
तळ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या ते माप झुकत राहिलं.
मग फवारणीवाले आले,
भिंतींवर तारखा रंगवून गेले, हिवताप संपला.
समोरचं पारडं रिकामं झालं
तरी माप तसंच.

त्यानं बराच वेळ घेतला.
"म्हणजे आई चुकली नव्हती," म्हणाला.
"उंबरा बरोबर होता."

मग वाकला.
अकरा ओळी मुळासकट उपटल्या, मेंढ्यांना टाकल्या.
बाराव्या ओळीला हात लावला नाही;
माझ्या खुंटीकडे दोनदा बघितलं,
अर्धा वीतही जास्त सोडणार नव्हता.
खिडकीत प्रियामो. काचेवर नाक चपटं.
आन्तिओकोनं त्याला हात केला नाही,
टोपी मात्र जराशी वर सरकवली.

मी टेप गुंडाळला. मातीनं जड झाला होता.

फावा मलाही आवडतो,
मेंढीच्या चीजबरोबर, मीठ लावून.
कधी काही झालं नाही.
माझे वडील एकुलते एक होते.
त्यांना भावंडं का नव्हती
हे आमच्या घरात
कुणी विचारलं नाही.