बरडाचा जमाखर्च

पहिल्या पानावर लिहिलं: रोपं, दोनशे चाळीस.
डिसेंबरात नागपूर स्टेशनच्या पार्सल खिडकीवरून
हर्षलने खोकी उतरवून घेतली ती अशी,
जणू बर्फातून आलेली पाहुण्यांची लेकरं.

कुहीच्या वाटेवर सव्वादोन एकर.
मुरूम, दगड, चार पळस, एक विहीर.
"बरड आहे बाप्पा, बकरीबी थांबत नाही इथं,"
असं विकणाराच म्हणाला.
खरं बोलला, म्हणून आम्ही भाव केला नाही.

मनीषनगरचा फ्लॅट भाड्याने दिला.
गाडी विकली. एसी विकला. मिक्सर ठेवला.
वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधल्या,
आता स्वतःच्या वहीत दोन रकाने आखले,
गरज आणि सवय,
आणि चहा कुठे लिहायचा
यावरून नवऱ्याशी पहिलं भांडण झालं.

नभा शाळेत सांगून आली,
आमचं शेत जांभळं होणार.

पंचफुलाबाईने एक रोप नाकाशी धरलं.
"वास चांगला आहे जी.
पण हे थंड्या मुलखाचं लेकरू,
याले नवतपा कोन सांगन?"
आम्ही हिरवी जाळी दाखवली, ठिबकच्या नळ्या दाखवल्या.
ती हसली नाही.
तिचा हा उपकार मी वहीत कुठेच लिहू शकले नाही.

फेब्रुवारीत अकरा तुरे आले.
अकरा. नभाने रोज मोजले,
रोज अकराच भरले.

मग सत्तेचाळीस अंश.
जाळीला हात लावला तर चटका,
नळीतलं पाणी चहाला चालेल इतकं गरम.
मी संध्याकाळी आकडा खोडायची:
दोनशे चार. एकशे साठ. नव्वद.
एक आठवडा वही उघडलीच नाही.

त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.
बोलत होता तो खिडकीतला कूलर,
खडखडत, थांबत, पुन्हा खडखडत,
आणि त्याच्या ओल्या ताटीतून
तो वास.

दर एप्रिलात इतवारीतून खसाची नवी ताटी आणायची,
दिवाळीआधी जुनी फेकायची,
चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं
की बाई, तू उगवतेस कुठे?

"वाळा? नाल्यात हाये ना," पंचफुलाबाई म्हणाली.
"उपटून दाखवू काय?"
आणि तिने दाखवलं:
वर नुसतं गवत, कानाला काप देईल असं,
खाली हातभर मुळांचा गुंता,
मातीसकट घमघमणारा.

उरलेली एकवीस रोपं आषाढाने नासवली.
उन्हातून वाचली आणि ओलीने गेली.
त्याच ओलीत, त्याच खड्ड्यांत,
आम्ही वाळ्याचे ठोंब लावले.

आता पाहुणे येतात, बांधावर उभे राहतात,
मोबाइल काढतात, परत खिशात ठेवतात.
विचारतात, शेत कुठे आहे?
हर्षल पायाखाली बोट दाखवतो.
त्याला हे फार आवडतं, मला दरवेळी लाज वाटते.

दीड वर्षाने खणलं. कुदळीने, मग हातांनी.
रात्री जेवताना वरणालाही मुळांचा वास.
इतवारीच्या व्यापाऱ्याने माल हुंगला,
भाव सांगितला, आणि आम्ही परतीच्या एसटीत
तो आकडा सहाने भागून पाहिला, बाराने भागून पाहिला.
भागतं. काटकसरीने, पण भागतं.
चहा अजून दोन्ही रकान्यांत आहे.

एकच नोंद अडते.
ते अकरा तुरे नभाने स्टीलच्या डब्यात ठेवले होते,
परवा झाकण उघडलं तर अजून तसेच.
दोनशे चाळीस रोपं निर्लेखित करायला हवीत,
नियम मला पाठ आहे.
पेन उघडून बसले,
तेवढ्यात बाहेरून पंचफुलाबाईची हाक:
मोटर बंद करा जी, पाणी धुऱ्याबाहेर चाललं.