अळणी

सव्वीस जण. मंगळवार पेठेतली आमची गच्ची,
मंडपवाल्याकडून आणलेली दोन पातेली,
एकाच्या बुडाला कुणाच्या तरी जावळाचा वास.
चिंच लावून तीनदा घासलं. गेला नाही.
राहू दे म्हटलं, तेवढाच आधार पाहुण्यांना.

ग्रुपवर आठवडाभर आधीच सांगितलं होतं:
मटण नाही, अंडं नाही, दूध-दही-तूप काही नाही.
धैर्यशीलनं विचारलं, "कोण गेलं काय गं घरात?"
इंद्रायणीनं विचारलं, "मध?"
मधही नाही.
बाबगोंडानं तेवढं कळवलं, कांदा-लसूण चालत नाही,
आणि पंगतीत पहिल्यांदाच एकटा पडणार नाही
म्हणून तासभर आधी येऊन खोबरं खवत बसला.
त्याची कढई वेगळी ठेवली.
कांदा-लसणाशिवाय कोल्हापूर कसं शिजवायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी सहापासून उभी.
संकेश्वरी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस,
काजू भिजत, नारळाचं पहिलं दूध झाकून, दुसरं उकळीला.
खरं सांगू? पांढरा रस्सा आधीच तीन हिस्से आमच्यातला.
बोकड त्यात नुसता नाव सांगायला यायचा.
सुक्याला कच्चा फणस:
विळीला तेल, हाताला तेल,
तरी चीक बोटांना धरून बसला
उधारी मागायला आल्यासारखा.
फणस उकडलेलं पाणी टाकवेना.
हळद, आलं, दोन लवंगा घालून अळणी म्हणून ठेवलं बाजूला.

अस्मा जिन्यातूनच ओरडली,
"वास तर बरोबर येतोय की!"

पहिली वाटी सगळ्यांनी संशयानं घेतली,
दुसरी न बोलता.
तिसरीला धैर्यशील फणसात बोटानं हाड शोधत होता.
"सवय हाय गं. नळी चोखल्याबिगर उठवत न्हाई."
कुणीतरी त्याच्या ताटात शेवग्याची शेंग टाकली.
चोखली.

"पण का गं हे सगळं?"
"ॲसिडिटी," मी म्हटलं.

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, आण्णांच्या दोन म्हशी.
दोर धरायचं काम माझं.
रेडकानं चार ढुसण्या दिल्या, म्हैस पान्हवली,
की ओढायचं.
गिऱ्हाइकांचे पेले, फेसाच्या मिशा,
आणि दोराच्या टोकाला ते, जीभ बाहेर.
नऊ वर्षांची होते. वाईट वाटायचं असं नाही,
दोर काचायचा, एवढंच.
वाईट वाटायला पुढं पंचवीस वर्षं लागली.
आणि त्याच दुधावर आण्णांनी माझं बीएड केलं.
हे कुणाच्या ताटात, कसं वाढायचं?

दहाच्या सुमाराला घोळका उठला,
"जरा पाय मोकळे करून येतो."
गच्चीवरून दिसतं, गाड्या कुठल्या बाजूला वळतात ते.
अस्माही गेली.
येताना ओठ नीट पुसून येईल, माझ्यासाठी.

उमाजी तेवढा राहिला.
दिवसभर दुकानात मटण तोडून आलेला,
बाह्या सारून पातेल्याजवळ बसला.
राख मागितली. राख कुठली आता, मी पावडर दिली.
बराच वेळ नुसता घासत होता.
मग म्हणाला, "तुझा दोर निळा होता. नायलॉनचा.
मी समोरच्या पायरीवर बसायचो."
नळ चालू होता. मी बंद केला नाही.

"अळणी उरलंय काय गं? आईला नेतो."
"फणसाचं आहे रे."
"म्हातारीला दात न्हाईत. सांगतोय कशाला."

डबा भरला. झाकण सैल.
त्यानं खिशातनं सुतळी काढली, दोन वेढे दिले,
टोक माझ्याकडं केलं.
"जरा धर."
धरलं.