चार बोटं

टायर आणि वरची कमान
यांच्या मधल्या फटीत माझी चार बोटं आडवी जातात,
करंगळीसकट.
सकाळी काचेवरचं बर्फ खरवडून झालं की घालून बघतो,
ताप बघावा तशी.
स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात.
माझी मोजणी तीच,
फक्त खालच्या दिशेनं.

चौदा वर्षांची राखाडी ऑक्टेव्हिया,
स्टोक ते स्टॅफर्ड सतरा मैल, आणि परत.
मागच्या सीटवर ऋजुताचा चेलो,
डिकीत कधी तांदळाची वीस किलोची गोणी.
आणि उभी कशी,
तर चिखलातून जाताना
निऱ्या उचलून धरल्यासारखी.
मला ती जरा बसलेली हवी होती.
टेकलेली नव्हे. बसलेली.

फेब्रुवारीत बर्स्लेमच्या उतारावर
एका खड्ड्यात पुढची डावी स्प्रिंग तुटली.
मी शलाकाला म्हणालो, आता बदलावंच लागेल.
खरं होतं ते.
जेवढं बोललो, तेवढं खरं होतं.

नेव्हिलचं गॅरेज कालव्याकाठी,
चिनी मातीच्या बंद पडलेल्या भट्टीच्या आवारात.
तो पोस्टमनला, बँकेतल्या बाईला, मला,
सगळ्यांनाच 'डक' म्हणतो. इथली रीत आहे.
चाळीस मिलिमीटर खाली, मी म्हणालो.
'डक, घर ते काम स्पीडब्रेकर किती?'
सहा वर्षं रोज जातोय.
माहीत नव्हतं.

मग मोजले. एकोणीस.
चार शाळेपुढे, दोन दफनभूमीच्या भिंतीलगत,
एक असा, की का घातलाय ते
कौन्सिललाही आठवत नसणार.
खड्डेही मोजायला घेतले,
अठ्ठाविसाव्याला सोडून दिले.

नुसत्या आखूड स्प्रिंगा स्वस्त.
पण जुना डँपर नव्वद हजार मैल झिजलाय,
त्याला आता सांगायचं,
इथून पुढे वाकूनच चाल.

कॉइलओव्हर म्हणजे पाना फिरवा, हवं तेवढं वर, हवं तेवढं खाली.
माझे डोळे तिथंच अडकले होते.
नेव्हिल हात पुसत म्हणाला, 'दोन हिवाळे.
मग रस्त्यावरचं मीठ आटे खातं.
त्या दिवशी जी उंची असेल,
ती तुझी कायमची.'

आणि तिसरं: स्प्रिंग, डँपर
एकमेकांसाठीच बनवलेले, जोडीनं विकतात.
पंचवीस मिलिमीटर. नंतर काही बदलता येत नाही.
महाग. बघणाऱ्याला कळतही नाही
काही केलंय म्हणून.

रात्री शलाकानं विचारलं,
'स्प्रिंग एकच तुटली होती ना?'

जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथसुद्धा
एका अर्ध्या वाक्यानं खाली आला होता.
माझी तर ऑक्टेव्हिया.

सगळं सांगितलं. बोटं, कमान, किंमत,
आणि इचलकरंजीतली ती काळी फियाट,
मी सोळा वर्षांचा असताना
सूतगिरणीच्या फाटकाशी उभी राहायची,
जिच्या पोटाखालून मांजरही जात नसे.
ती कढई पुसत राहिली,
कोरडी झाल्यावरही.
मग म्हणाली, 'विमावाल्यांना कळवलंस?'

कळवलं.
वर्षाला एकतीस पौंड वाढले,
खऱ्याचे.

शनिवारी काम झालं.
ऋजुताला क्लासवरून घेतलं, चेलो आडवा ठेवला.
पहिल्या स्पीडब्रेकरवर श्वास धरला.
तो पोटाखालून गेला,
कशालाही न लागता.
शाळेपुढच्या तिसऱ्यावर
खोक्यातल्या खोक्यात एक तार आपणहून वाजली.
'सी,' ऋजुता म्हणाली, मोबाइलमधून मान न काढता.

शलाका माझ्याच चपला घालून बाहेर आली.
वाकून कमानीत हात घातला.
तिची बोटं बारीक.
तीन गेली. चौथं दारातच थांबलं.

'एवढंच?'

एवढंच.
नेव्हिल म्हणालाय, आठवडाभरात
अजून थोडी बसेल.
मग चाकं सरळ करायला ये.