डावा डोळा

अशोक चौकामागं, तिसऱ्या गल्लीत
मी जेकार्डचे पुठ्ठे पाडतो.
भोक पडलं तर धागा वर,
नाही पडलं तर खाली.
मोर, कोयरी, ताजमहाल,
एवढ्यावर चाळीस वर्षं गेली.

फाल्गुनात ऑर्डर आली. घरटी एक चादर,
मधोमध साहेबांचा चेहरा.
दारावर टांगायची, पांघरायची नाही.
न टांगणाऱ्याचं रेशन बंद.
चिलका शेठनं दर विचारला नाही.
शेठनं दर विचारला नाही
असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच आठवड्यात रज्जाकला नेलं.
ताणा भरता भरता उठवला,
बोटांत धागे तसेच.
त्या रात्री मी डावा डोळा पाडत होतो.
अकरा पुठ्ठ्यांवर भोकं राहून गेली.
एखादं राहतं. अकरा?
मलाच विचारलं मी,
मी काही बोललो नाही.

दहा हजार चादरी निघाल्या,
दहा हजार वेळा डावा डोळा मिटलेला.
तपासनीसानं कडा मोजल्या, वजन केलं,
चेहऱ्याकडं बघायची त्याची छाती नव्हती.

विडी घरकुलात नरसव्वा
सूप मांडीवर घेऊन हजाराचा हिशोब वळते.
आता विड्या वळताना बोलायचं नाही,
कोपऱ्यात एक पोरगा वही घेऊन बसतो.
तिनं दाराकडं पाहिलं, पान कातरलं,
आणि हळूच म्हणाली, "कन्नु मूसिंडु."
आमच्या तेलुगूत याचे अर्थ दोन:
एक, डोळा मिटला.
दुसरा पोराला कळत नव्हता.
सगळ्या बायका ठसका लागल्यासारख्या खोकल्या.

नवी पेठेत हल्ले सावकारानं
चादर काचेत बसवली.
त्याला आता गोदामं तीन, पूर्वी एक.
हार मात्र असा तिरका घालतो
की झेंडू बरोबर डाव्या डोळ्यावर येतो.

हुद्दार सरांच्या वर्गात एका पोरानं विचारलं,
"सर, साहेब कुणाला डोळा मारतात?"
सर खिडकीपाशी गेले
आणि तास संपेपर्यंत तिथंच उभे.
दुसऱ्या दिवशी दोघं आले, पोराचं नाव मागायला.
सर म्हणाले, आठवत नाही.
ज्यांना एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या बॅचची हजेरी पाठ आहे
ते सर.

शमीमनं चादर उलटी टांगली.
उलट्या बाजूनं काळ्याचं पांढरं होतं,
मिशी पिकते, कपाळ जळाल्यासारखं दिसतं.
संध्याकाळी दारं मोजत लांडगे हवालदार आला.
उभा राहिला. टोपी काढून घाम पुसला.
पेन चाललं नाही, झटकलं,
मग लिहिलं: आहे.
जाता जाता तिनं विचारलं, "आमचे?"
त्यानं वही मिटली.
त्याबद्दलचा रकाना त्या वहीत नव्हता.

परवा शेठ आला, दार लावून म्हणाला,
पुठ्ठे जाळ. सगळे. आज.
जाळले. पुठ्ठ्याचा धूर विडीसारखा नसतो,
घशात बसतो.

दहा गेले.
एक पिठाच्या डब्याखाली आहे.
रात्री दिवा न लावता काढतो,
भोकांवरून बोट फिरवत जातो, खरखर, खरखर,
आणि मग ती जागा येते,
जिथं काहीच पाडलेलं नाही.
रज्जाकच्या मागावर ताणा अजून अर्धाच आहे.