वरचा डावा दुसरा

ग्रिम्सबीत, कार्पेटच्या दुकानावर
दोन खोल्यांची आमची लॅब.
खालून नव्या लोकरीचा वास येतो,
बंदराकडून मासळीचा,
आणि मधे बसून मी
माणसांचे दात करते.

माणसं दिसत नाहीत.
डबा येतो. त्यात पिवळ्या प्लास्टरचे जबडे,
चिठ्ठी, जन्मसाल, दाताचा नंबर, रंग.
ए-दोन, ए-तीन, बी-एक.
पांढरा असा रंगच नसतो दातांत,
हे कळायला मला चार वर्षं लागली.
चहाचा असतो, सिगारेटचा असतो,
लहानपणी पाजलेल्या औषधाचा असतो,
मुळाशी थोडा मध, टोकाशी थोडं धुकं.
ब्रशच्या दोन केसांनी मी ते धुकं भरते
आणि भट्टीत सरकवते.
नऊशे अंशांतून जे बाहेर येतं
ते परवा कुणाच्या तरी तोंडात टोस्ट चावतं.

मंगळवारी मॉरीन ब्लँचर्डचा डबा आला.
वय एक्क्याऐंशी. वरचा डावा दुसरा, मुळाशी मोडलेला.
खाली डेंटिस्टचं अक्षर:
पेशंटचा आग्रह. दात वाकडाच हवा,
पहिला होता तसा. सोबत फोटो.
फोटोत क्लीथॉर्प्सचा किनारा, १९६४,
केस विस्कटलेली पोरगी हसतेय,
आणि तो दात शेजारच्यावर मांडी टाकून बसलाय,
भरल्या पंगतीत घुसलेल्या पाहुण्यासारखा.
का हवा, ते लिहिलेलं नव्हतं.
चिठ्ठीत 'का'ला रकाना नाही.

दहा वर्षं मी वाकड्याचं सरळ करत आले.
सरळकडे हात आपोआप जातो,
वाकड्यासाठी मोजावं लागलं.
तीनदा मेण वितळवलं.
तिसऱ्यांदा तो असा काही ऐटीत बसला
की मीच हसले,
आणि हसताना, नेहमीसारखा, हात तोंडावर गेला.

सुळ्यामागचा माझा उजवा दात
मिरजेत गेला, एकोणिसाव्या वर्षी.
वाचवायला दोन हजार, काढायला शंभर.
घरात कुणी काही ठरवलं नाही,
ठरलेलंच होतं.

इथे सरकारी यादीत नाव लागावं म्हणून
सात दवाखान्यांपुढे दातांच्या कण्या केल्या,
ज्यांच्यासाठी करत होते त्यांच्याच.
शेवटी लिंकनला डॉक्टर ओकाफोर भेटली.
ब्रिज, म्हणाली, लवकर होईल,
पण दोन धडधाकट शेजारी घासावे लागतील.
इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू,
मग थांबायचं महिनोन् महिने,
हाड त्याला आपलं म्हणेपर्यंत.
नाहीतर काढघालीचा दात. तो रात्री ग्लासात झोपतो.
हे सगळं मला पाठ आहे, मी रोज करते,
तरी मान हलवत ऐकलं.
मग तिनं एक्स-रेवर पेन टेकवलं:
इथं खळगा पडलाय. दात गेला
की हाडाला वाटतं, आपलं इथलं काम संपलं.
ते हळूहळू निघून जातं.
माझी दातखीळ बसली.

शेजाऱ्यांना घासायचं नाही, एवढं म्हणाले.
स्क्रूचा आकडा ऐकला
आणि म्हणाले, विचार करून सांगते.
ती समजली.
तिच्या गावीही 'नाही'ला असंच म्हणत असावेत.

शुक्रवारी मॉरीनचा निरोप आला, फोनवरून.
आरशात बराच वेळ बघितलं म्हणे,
मग म्हणाली, थोडा अजून वाकडा होता,
पण चालेल.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी स्वतःच्या जबड्याचा साचा काढला.
प्लास्टर घट्ट होईतो खाली दुकानाचं शटर पडलं.
हाडाचं, स्क्रूचं, पैशाचं
पुढच्या वर्षी बघू.
दात करून ठेवते. चणे येतील मागून.
चिठ्ठी लिहिली: हेमांगी कारखानीस, वय त्रेचाळीस.
रंगाच्या रकान्यापाशी अडले.
रंगांची पट्टी ओठाशी धरून
खिडकीच्या काचेत बघत राहिले,
तर उजेडच गेला.
उद्या दिवसा बघावं लागेल.