डावीकडची सीट

खोबऱ्याचं तेल चोपडून आले होते निखारे.
एक इलेक्ट्रोड धरेना.
शेवटी लॅबच्या बेसिनवर वाकवून
मीच धुतलं त्यांचं डोकं, दोन रुपयांच्या शॅम्पूनं.
"माह्या मायनंतर तुमीच," म्हणाले,
आणि कानापर्यंत लाजले.

एकोणीस वायरी. थंडगार जेल.
भंगारातून आणलेली ट्रकची सीट, एक स्टिअरिंग,
समोर पडद्यावर समृद्धी,
शिवमडक्यापासून पुढं फूटपट्टीनं आखल्यासारखी.
बाहेर हिंगणा रोड मे महिन्यात वितळत होता
आणि कूलर बंद, कारण त्याची मोटार
आलेखात घरघरते.

बाविसाव्या मिनिटाला लाटा लांबट झाल्या.
डोळे उघडे, टक्क.
हात जागेवर, गाडी लेनमध्ये,
निखारे मात्र नव्हते तिथं.
अकरा सेकंद.
ताशी ऐंशीनं म्हणजे जवळपास अडीचशे मीटर रस्ता
कोणीच चालवला नाही.

मग जबडा हलला.
मान जराशी डावीकडे.
सगळ्या रेघा केरसुणीसारख्या पिंजारल्या.

"कोणाशी बोलत होता?"
"कोनाशीच नाही जी."
नंतर डोकं पुसताना, टॉवेलाच्या आतून :
"किसना. क्लीनर होता माहा, कळमन्याचा.
संत्र्याची गाडी घेऊन निघालो का
कलकत्त्यापर्यंत त्याचं तोंड बंद नाही.
बोअर करे बाप्पा!
मालकानं काढला त्याले, तीन साल झाले.
आता मीच बोलतो, त्याच्या सीटशी.
इथं तं ते सीटच नाही ठेवली तुमी."

नियम असा : जबडा हलला की तेवढा तुकडा कापायचा.
तो मेंदू नाही, स्नायूंचा गोंगाट.
मी कापला. सव्वा मिनिट.
अलीकडे ते संथ, झोपाळू पाणी,
पलीकडे बारीक, खडबडीत, जागी झालेली रेघ,
आणि मधे पांढरं.
ती जागी कशानं झाली
हे आता आमच्या फाईलला माहीत नाही.

जिन्यातून परत आले निखारे, केस ओलेच,
"मॅडम, नापास तं नाही ना झालो?
मालकाले नका सांगू."

संध्याकाळी मागणीपत्र भरलं :
सीट, ट्रकची, जुनी. नग एक.
बसवण्याची जागा : चालकाच्या डावीकडे.
"तिथं बसणार कोण?" डबीर सरांनी विचारलं.
'प्रयोजन' या रकान्यावर
माझं पेन अजून थांबलेलं होतं.