बाजू बदलताना

गुरुवारी साडेतीनला अकरा नंबरची खोली
पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची.
रेडिएटर खोकतो. खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर
फेब्रुवारीत असतं तसं, पांढरं आणि गप्प,
गोदीवर धान्याची उंच कोठारं,
त्यांच्या खांद्यावर कबुतरंसुद्धा नाहीत.

आज तिघं आलीत.
दंतवैद्यांचा डेस्मंड, चौऱ्याण्णवाचे सत्त्याण्णव करायला,
दोन दिवस शिकवणी लावून.
रेमी, ज्याने गेल्या वेळी कोऱ्या कागदावर
फक्त एक मासा काढला होता, खवल्यांसकट.
आणि आइला टुओमिनेन,
जिला एक्स उचलून पलीकडे नेता येतो,
पण चिन्ह बदलायचं राहून जातं दर वेळी,
घाईत बूट न काढताच घरात शिरावं तसं.

सोमवारच्या बैठकीत मॅक्लिश म्हणाले,
"दुसरी संधी दिली की पहिलीला कोण विचारतो?
बर्फ म्हणत नाही, चुकलास, चल पुन्हा पाऊल टाक."
आणि सगळ्यांना तो हिवाळा आठवला
ज्यात त्यांचा भाऊ ट्रकसकट खाली गेला.
असल्या वाक्यापुढे कोण काय बोलणार?
मीही हात वर केला, त्यांच्या बाजूने.
खोटं कशाला बोलू, मला गुरुवारी घरीही जायचं असतं.

मतं मोजली. सात विरुद्ध सात.
मिसेस पेलेटिए चष्मा पुसत म्हणाल्या,
"पुढच्या सोमवारी पुन्हा मतदान घेऊ."
कोणी हसलं नाही.
मला हसू आलं ते थेट पार्किंगमध्ये,
गाडीच्या काचेवरचं हिव खरवडताना.

साडेचारला आइला उठली.
शेवटचं पान कोरं. पाचला तिची बेकरीत पाळी असते,
दालचिनीच्या पावांचे ट्रे पुसायचे असतात.
"वेळ आहे अजून," मी म्हटलं.
"तुमच्याकडे आहे," ती म्हणाली,
उद्धटपणे नाही, नुसतं हिशेब सांगावा तसं.

तिथेच बसून तपासला पेपर.
चिन्हं सगळी बरोबर. एकूण एक.
उणे पलीकडे जाऊन अधिक झालेलं,
अधिक उणे होऊन शहाण्यासारखं उभं.
आणि बेरीज: अडतीस.
पहिल्या वेळी एकेचाळीस होते.
नियम सांगतो, शेवटचे गुण धरावेत.
नियम माझाच. माझ्याच अक्षरात दारावर चिकटवलेला.

म्हणजे शिकली ती, आणि तीन गुणांनी खाली आली.
आता कुठला आकडा तिचा?

खाली तिचे वडील ट्रक सुरू ठेवून थांबले होते,
मागे बर्फ भोकसायचा गिरमिट, दोन बादल्या.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
"किती जाड आहे सध्या?"
"काल वीस इंच होतं."
"आणि आज?"
ते माझ्याकडे बघत राहिले,
गणिताच्या बाईंना एवढंही कळू नये म्हणून असेल.
"आज अजून मोजलं नाही."
मग म्हणाले, दर वीस पावलांवर भोक पाडतो,
रोज, तिथंच, नव्यानं.
तीस वर्षं झाली. कंटाळा? कसला कंटाळा?

हे मॅक्लिशना सांगायची माझी हिंमत नाही.
भाऊ त्यांचा गेला, माझा नाही.
आणि डेस्मंडच्या त्या तीन गुणांचं काय करायचं
हेही मला सुटलेलं नाही;
मैदान सपाट नाहीच, फक्त बर्फाने सपाट दिसतं.
पुढल्या गुरुवारी बेकरीवाल्या बाईंना फोन करेन,
तासभर सोडा म्हणून. सोडतील की नाही, देव जाणे.

एवढं मात्र नक्की,
सोमवारी हात पुन्हा वर होईल माझा,
पलीकडच्या रांगेतून.
स्टाफरूममध्ये म्हणतील, बाईंचे पहिले पाढे पंचावन्न.
म्हणू देत. बाजू बदलली की चिन्ह बदलतं,
एकतीस वर्षं हेच तर शिकवतेय.

रेमीचा पेपर सगळ्यात खाली होता.
मासा याही वेळी होता, समासात, लहानसा,
त्याला आता डोळा होता.
आणि वर तीन उत्तरं.
दोन बरोबर.